आयटीतला वाढलेला पगार मुरतो कुठे?

साताऱ्यात तीसेक वर्षं कॉमर्स शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांचा प्रश्न आहे: "आयटीतले पगार दरवर्षी वाढतात असं ऐकतो. मग परदेशी कंपन्यांना भारत महाग पडून हे काम दुसऱ्या देशात जाणार नाही का? या पगारांचा बाकीच्यांना काही फायदा होतो, की नुसती महागाई वाढते? भाच्याला नुकतीच साडेतीन लाखांची ऑफर आली आहे, म्हणून विचारतोय."

मी २००१ पासून पुण्यात याच धंद्यात आहे. सुरुवातीची सात वर्षं कोड लिहिला, मग डिलिव्हरी, म्हणजे ठरलेलं काम ग्राहकाला वेळेत पोचवणं, सांभाळली आणि गेली दहा-अकरा वर्षं प्राइसिंगला आहे. म्हणजे परदेशी ग्राहकाला माणसामागे तासाचा काय रेट सांगायचा आणि त्यात आपल्याला काय सुटेल, हे बघणं माझं काम. त्यामुळे उत्तरात आकडेमोड जास्त येईल. तुम्ही कॉमर्सचे आहात, चालवून घ्याल.

सर, "पगार वाढतात" हे म्हणणं तुमच्या भाच्याच्या ऑफरपाशीच अडखळतं. २००८ च्या आसपास मोठ्या कंपन्या कॅम्पसवरून मुलं उचलायच्या ती तीन-सव्वातीन लाखांवर. आज तोच आकडा साडेतीनच्या आसपास आहे. मधल्या काळात पाच-सहा रुपयांचा वडापाव वीसवर गेला आणि एकूण महागाई दुपटीच्या पुढे गेली. म्हणजे नव्या मुलाचा पगार कागदावर थोडा वाढला, प्रत्यक्षात निम्म्याच्या खाली आला. पण पाच ते दहा वर्षं अनुभवाच्या माणसाचा पगार निदान महागाईच्या मागोमाग तरी वाढला. २००८ मध्ये सहा वर्षांच्या जावा डेव्हलपरला सात-आठ लाख आम्ही नाक मुरडत द्यायचो. आज तोच माणूस पंधराला कसाबसा हो म्हणतो, आणि क्लाउड किंवा डेटाचं काम येत असेल तर वीसच्या खाली बोलतच नाही.

वर पगार वाढले आणि खाली गोठले, या दोन गोष्टी एकाच हिशेबाच्या आहेत. धंद्याच्या भाषेत त्याला पिरॅमिड म्हणतात: तळाला स्वस्त नवी मुलं जास्त, वर महाग अनुभवी माणसं कमी. ग्राहक रेट वाढवून देत नाही. दर तीन वर्षांनी करार नव्याने होतो तेव्हा तो उलट पाच-दहा टक्के कमीच मागतो. मग मधल्या थराला दिलेली वाढ भरून काढायची कुठून? तळाला स्वस्त मुलं जास्त भरायची. दहा जणांच्या टीममध्ये आधी चार फ्रेशर असतील तर सहा करायचे. अनुभवी माणसाच्या हाइकचा, म्हणजे पगारवाढीचा, मोठा भाग असा तुमच्या भाच्यासारख्या मुलांच्या खिशातून येतो. त्यांना ते कळत नाही, कारण त्यांच्या मागे रांग मोठी असते.

आता एका माणसाचा हिशेब मांडतो. आकडे गोल केले आहेत, पण माझ्या टेबलावर रोज येतात तसेच आहेत. अनुभव सहा वर्षं, सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा त्याचा एकूण खर्च) पंधरा लाख, म्हणजे महिन्याला सव्वा लाख. ग्राहकाला रेट तासाला २४ डॉलर. महिन्याचे १६० तास धरले तर ३,८४० डॉलर. डॉलर ८४ रुपयांना धरला तर ३ लाख २२ हजार रुपये.

ऐकणारा इथेच चिडतो. "तीन लाख घेता आणि सव्वा लाख देता?" थांबा. शंभरातली अठरा-वीस माणसं कायम बेंचवर (पगार चालू, पण बिल लावण्यासारखं काम नाही), ट्रेनिंगला किंवा दोन प्रोजेक्टांच्या मधे असतात. त्यांचा पगार बाकीच्यांच्या बिलिंगमधून निघतो, म्हणून सव्वा लाखाचे एक लाख बावन्न हजार होतात. जागा, लॅपटॉप, बस, लायसन्स, वरचे मॅनेजर मिळून आणखी साठ हजार. सेल्सची माणसं न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये बसतात, त्यांचा खर्च आणि मुख्य कार्यालयाचा खर्च बिलाच्या पंधरा टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. उरतात बासष्ट हजार. एकोणीस टक्के.

आता त्याला दहा टक्के हाइक द्या. साडेबारा हजार, बेंचसकट पंधरा हजार. शिल्लक बासष्टवरून सत्तेचाळीसवर. एकोणीस टक्क्यांची मार्जिन साडेचौदावर येते. एकाच अप्रेझलमध्ये! असं तीन वर्षं चाललं तर दुकान बंद करावं लागेल. मग बंद का होत नाही?

डॉलर ८४ चा ८८ झाला, असं धरा. ३,८४० गुणिले चार, म्हणजे पंधरा हजार. हाइक भागली. २०२५ च्या उत्तरार्धात रुपया खरोखरच ८८ च्या पलीकडे गेला. टीव्हीवर रुपया घसरल्याच्या बातमीला उदास संगीत लावतात तेव्हा आमच्या फायनान्सच्या मजल्यावर कोणी उदास नसतं. २००७ मध्ये उलटं झालं होतं. रुपया चौरेचाळीसच्या आसपासवरून चाळिशीच्या आत आला, आणि त्या वर्षी आमच्याकडे रात्री उशिरा थांबणाऱ्यांचं जेवणसुद्धा बंद झालं. हाइकचं तर नावच नको. (पराठा आणि लोणचं असायचं. चांगलं असायचं.)

आयटीतल्या पगारवाढीचा मोठा वाटा अशा रीतीने रुपयाच्या घसरणीतून आलेला आहे. आणि रुपया घसरला की पेट्रोल, खाद्यतेल, खत सगळ्यांनाच महाग पडतं. साताऱ्यातल्या माणसाला ही पगारवाढ अशीही पोचते, फक्त पावती वेगळ्या नावाने फाटते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. काम दुसऱ्या देशात जाईल का? "भारतात दहा टक्के वाढ, अमेरिकेत तीन टक्के, म्हणजे फरक लवकरच मिटणार," हे मी २००५ पासून ऐकतोय. टक्क्यांनी बघितलं की तसं वाटतं, पण ग्राहक पैसे टक्क्यांत देत नाही. अमेरिकेतल्या इंजिनिअरला वर्षाला १ लाख २० हजार डॉलर धरा. तीन टक्के म्हणजे ३,६०० डॉलर. आपल्या पंधरा लाखांचे होतात जेमतेम अठरा हजार डॉलर. दहा टक्के म्हणजे अठराशे. दोघांना वाढ मिळाल्यावर दोघांतलं अंतर कमी होण्याऐवजी अठराशे डॉलरने वाढलं. रुपया जागेवर राहिला तरी हे अंतर आणखी दहा-अकरा वर्षं वाढतच राहील आणि त्यानंतर कुठे कमी व्हायला लागेल. रुपया घसरत राहिला, तर आणखी कितीतरी पुढे.

स्वस्ताईच्या मागे जाणारं काम गेलंही आहे. फोनवर बोलायचं कॉल सेंटरचं काम २०१० च्या सुमारास मोठ्या प्रमाणात फिलिपिन्सला गेलं. पण सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला सहा आठवड्यांत चाळीस माणसं लागतात आणि प्रोजेक्ट वाढला तर आणखी साठ. पोलंडमध्ये उत्तम इंजिनिअर आहेत, व्हिएतनाममध्येही आहेत, पण शंभर माणसं पटकन उभी करायची तर पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई. मी स्वतः दोन मोठी कामं पूर्व युरोपकडे जाताना पाहिली. त्यातलं एक वर्षभरात परत आलं.

पगार फार पटकन वाढले तर काय होतं, हे २०२१-२२ मध्ये पाहिलं. कोविडनंतर जगभर सगळ्यांना एकदम सगळं डिजिटल हवं झालं. इन्फोसिसने २०२२ च्या मार्चअखेर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २७.७ टक्के जाहीर केलं होतं, म्हणजे वर्षभरात चारातला एक माणूस गेला. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरिअडचा तेव्हा भलताच उपयोग झाला: मुलं राजीनामा टाकायची, हातातली ऑफर दाखवून दुसरी मिळवायची, दुसरी दाखवून तिसरी. एका सोमवारी माझ्या प्रोजेक्टवर अकरा जण रुजू व्हायचे होते, चार आले. एकाला फोन केला तर म्हणाला, "सर, मी आत्ता दुसऱ्या कंपनीच्या इंडक्शनमध्ये आहे, ब्रेकमध्ये बोलू का?" आठवरून थेट सतरा लाखांवर गेलेली मुलं मी पाहिली. आनंदच होता. पण २०२३ मध्ये मागणी बसली तेव्हा बेंचवर आधी कोण गेलं? हीच. रेट कार्डवर, म्हणजे ग्राहकाशी ठरलेल्या दरांच्या यादीत, सतरा लाखांच्या माणसाला जागा सापडेना. त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी वाकड-ताथवड्यात फ्लॅट बुक केले होते.

आणि फ्लॅटवरून मुद्द्याच्या गाभ्याशी येतो, सर. आयटीतला वाढलेला पगार सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जमिनीत मुरतो.

माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या लातूरकडच्या. २००९ मध्ये आमच्या पोळी-भाजीचे बाराशे घ्यायच्या, आज साडेपाच हजार घेतात. पोळ्या तेवढ्याच, वेळही तेवढाच. हिंजवडीत काम करणाऱ्या दोघांच्या घरात रात्री आठला पोळी करायला कोणाला जमत नाही आणि त्यांना पैसे द्यायला परवडतं, म्हणून दर चढला. वाकडच्या न्हाव्याचं तेच. कटिंगला वीस मिनिटं तेव्हाही लागायची, आजही लागतात, पैसे तिप्पट. अर्थशास्त्रात बोमोलच्या नावाने हा परिणाम शिकवतात, तुम्हाला माहीत असेल. एका धंद्यात पगार वाढले की ज्यांची उत्पादकता वाढलेली नाही त्यांचेही वाढतात, नाहीतर ती माणसं टिकणार नाहीत. इथवर झिरपलं, छानच झालं.

पण मावशी तेव्हा भूमकर वस्तीजवळ पत्र्याच्या खोलीला नऊशे रुपये भाडं द्यायच्या. तसलीच खोली आज सात हजारांना आहे, लाइटबिल वेगळं. त्यांना वाढून मिळालं त्यातलं किती खोलीच्या मालकाकडे गेलं, ते त्यांनीच एकदा ओट्याशी उभं राहून मला बोटांवर मोजून दाखवलं. आयटीतल्या नवरा-बायकोचंही वेगळं नाही. पगार दीडपट झाला की बँक दीडपट कर्ज देते आणि बिल्डर तेवढाच भाव चढवतो. वर स्टँप ड्यूटीचे सात टक्के सरकारचे. घरांची संख्या पगारासारखी वाढत नाही. त्यामुळे हाइकचं पत्र हातात येतं माझ्या, भाव वाढतो सर्व्हे नंबरचा.

जमिनीवाल्यांचं तरी सगळ्यांचं सारखं झालं का? नाही. हिंजवडी-माणमध्ये एमआयडीसीने भूसंपादन केलं, त्याचे पैसे मिळाले. उरलेली जमीन लोकांनी गुंठ्या-गुंठ्याने विकली. दोन वर्षं पांढरी गाडी, गळ्यात साखळी, वाढदिवसाचे फ्लेक्स. पुण्यात त्यांना गुंठामंत्री म्हणून हसतात, मला ते हसणं आवडत नाही, पण शब्द रूढ आहे. ज्यांनी जमीन राखून चार मजले चढवले आणि कॉट बेसिसवर (एकेका खाटेचं भाडं घेऊन) मुलं ठेवली, ते आजही दर महिन्याला आमच्या पगाराचा हिस्सा घेतात. हडपसरला मगरपट्ट्यात तिसरीच वाट निघाली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदार झाले आणि २००० च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. तिथल्या आयटी इमारतींचं भाडं त्या भागीदारांकडे जातं. आयटीतल्या पगाराची खरी झिरपण कुठे झाली, असं कोणी विचारलं की मी आधी ते नाव घेतो.

आता ज्याची चर्चा फारशी होत नाही तो परिणाम. माझा कॉलेजचा मित्र सांगलीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. बावीस माणसं, चारशेच्या वर गिऱ्हाइकं. पिग्मी, ठेवी, सोनेतारण, सगळं. पतसंस्था त्याला वर्षाच्या देखभालीचे वीस-पंचवीस हजार देते आणि तेही दिवाळीनंतर. तो तिथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची किंवा आसपासच्या कॉलेजांची मुलं अठरा हजारांवर घ्यायचा, वर्षभर शिकवायचा, मग ती पुण्याला जायची. निदान काहीजण आई-वडिलांसाठी सांगलीत थांबायची. २०२० नंतर तेही गेलं. वर्क फ्रॉम होममुळे सांगलीतल्या घरी बसून पुण्याचा पगार मिळायला लागला. त्याच्याकडचा सगळ्यात जुना इंजिनिअर आठ वर्षांनी गेला. गेला म्हणजे तिथेच विश्रामबागेत राहतो, पण काम करतो अमेरिकेतल्या विमा कंपनीचं. मित्राने दर वाढवले, साठ संस्था सोडून गेल्या. जे सॉफ्टवेअर आठ महिन्यांत नवीन व्हायला हवं होतं, ते चौथ्या वर्षात आहे.

डॉलरमध्ये कमावणारा आणि पतसंस्थेकडून रुपयात घेणारा, दोघं एकाच बाजारात एकच इंजिनिअर विकत घेतात. जिंकणार कोण ते ठरलेलं. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याचं रडगाणं तेच: मेकॅनिकलचा हुशार मुलगा त्याच्याकडे डिझाइन शिकतो आणि सहा महिन्यांत टेस्टिंग इंजिनिअर होतो. इंजिनिअरिंग कॉलेजांना कॉम्प्युटर शिकवायला चांगली माणसं मिळत नाहीत, त्याचंही हेच कारण, कारण त्यांचा विद्यार्थी चार वर्षांत त्यांच्यापेक्षा जास्त कमावतो. आपण आपले सगळ्यात चांगले हात परदेशातल्या बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं करायला लावले आणि आपल्या सोसायट्या, कारखाने, नगरपालिका उरलेल्यांवर चालवल्या. पैसे मिळाले, हे खरं. पण याची किंमत कोणत्याच ताळेबंदात लागलेली नाही, आणि ती मोठी आहे असं माझं मत आहे.

मग देशाला फायदा काहीच नाही का? आहे, भरपूर आहे. २०२३-२४ मध्ये वस्तूंच्या व्यापारात आपली तूट सुमारे २४० अब्ज डॉलर होती. सेवांच्या व्यापारातून निव्वळ १६० अब्जांच्या वर आले, त्यात सिंहाचा वाटा सॉफ्टवेअरचा. म्हणजे तेलाची आणि सोन्याची बिलं बऱ्याच अंशी आम्ही भरतो. कराचंही आहे. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांच्या निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत आयकर माफ होता. त्या काळात सरकारला या धंद्यातून जे मिळालं ते बहुतांश आमच्या टीडीएसमधून, म्हणजे पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या आयकरातून. कंपनीच्या नफ्यातला रुपया पगारात आला की तेव्हा सरकारची कमाई वाढायची. पगारदाराला लपवायला जागा नसते, फॉर्म सोळा सगळं सांगतो.

इथे एक वेगळीच भर पडली आहे. परदेशी कंपन्या आता आमच्यासारख्या मधल्या कंपनीला टाळून स्वतःचीच केंद्रं इथे काढतात. ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर म्हणतात त्याला. २०२४ पर्यंत देशात अशी सतराशेच्या वर झाली आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. वरच्या हिशेबातले सेल्सचे अठ्ठेचाळीस हजार आणि आमचा नफा त्यांना लागत नाही, म्हणून ते आमच्या पंधरा लाखांच्या माणसाला सरळ बावीस देतात आणि तरी त्यांना स्वस्त पडतं. आज पगार चढवतंय कोण, तर ही केंद्रं. काम भारताबाहेर गेलेलं नाही, फक्त आमच्या हातून निसटतंय.

धोका मला दिसतो तो स्वस्त देशाचा नाही, माणूसच कमी लागण्याचा. टेस्टिंगच्या केसेस लिहिणं, जुना कोड वाचून त्याची टिपणं करणं, रिपोर्ट बनवणं, ही पिरॅमिडच्या तळाची कामं. एआयची साधनं आधी तीच उचलतात. गेल्या वर्षभरात माझ्या टेबलावर आलेल्या जवळपास प्रत्येक नव्या कराराच्या बोलणीत ग्राहकाने एकच वाक्य ऐकवलं: "तुम्ही एआय वापरणार ना, मग वीस टक्के कमी करा." टीसीएसने २०२५ च्या जुलैत सुमारे बारा हजार माणसं, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं मुख्यतः होती. महाग झालेला मधला थर आणि नको झालेला तळ, अशा दोन बाजूंनी पिरॅमिड दाबला जातोय. वाढलेल्या पगाराचा यात हात आहेच. माणूस स्वस्त असताना यंत्र आणायची कोणाला घाई नव्हती.

राहता राहिला भाचा. साडेतीन लाख म्हणजे महिना एकोणतीस हजार, असं तो घरी सांगत असेल. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, हमी नसलेला भाग) बाजूला काढा. मग त्याच्या वाट्याचा पीएफ आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स. हातात साडेबावीस-तेवीस हजार. नव्या करप्रणालीत आयकर शून्य, ती काळजी नको. कॉट बेसिसला सात-आठ हजार, मेस चार, पेट्रोल आणि मोबाइल तीन. घरी पाठवायला पहिल्या वर्षी पाच हजार उरले तरी पुष्कळ झाले. नोकरी घेऊ दे, दोन-तीन वर्षांत पिरॅमिडच्या मधल्या थरात शिरला तर आकडे बदलतात. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा आणि किती रकमेचा, ते नीट वाचायला सांगा. आणि ऑफर लेटरवर रुजू व्हायची तारीख आहे का ते आधी बघा. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना ऑफर हातात असून वर्ष-वर्ष थांबावं लागलं होतं. तारीख लेखी येईपर्यंत त्याने पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरू नये.